सांकवाळचा विद्यार्थी

परवा बऱ्याच वर्षांनी मडगावहून वास्कोला आगगाडीने गेलो. काम किरकोळ होतं, घाई नव्हती, म्हणून बस सोडून मुद्दाम गाडी धरली. माजोर्डा गेलं, कासावली गेलं आणि सांकवाळचं चिमुकलं स्टेशन आलं. गाडी मिनिटभर थांबली असेल. पण तेवढ्यात मनात चाळीस वर्षांपूर्वीचं एक पुस्तक उघडलं, आणि त्याबरोबर माझ्या आजीने विचारलेला एक प्रश्नही. तो प्रश्न अजून सुटलेला नाही. म्हणून आज हे लिहायला बसलो आहे.

गोष्ट १९८२ सालची. मी बारावी विज्ञान शाखेला होतो. आमच्या घरात तोवर कुणी इंजिनियर झालं नव्हतं, आणि मी तो व्हायचा असं वडिलांनी ठरवून टाकलं होतं. निकाल लागला आणि मी चक्क नापास! एका विषयाच्या प्रात्यक्षिकाचे गुण माझ्या गुणपत्रिकेत आलेच नव्हते. कुठल्या तरी कागदावरून कुठल्या तरी कागदावर उतरवताना कुणाच्या तरी हातून राहून गेले होते. वडील अर्ज घेऊन दोनचार वेळा पणजीला जाऊन आले. चूक दुरुस्त होऊन नवी गुणपत्रिका हातात पडली तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. प्रवेश केव्हाच बंद झाले होते. "पोराचं वर्ष वाया गेलं," असं घरी येणारा प्रत्येकजण म्हणायचा. मीही तसंच म्हणायचो.

आता वर्षभर करायचं काय? आमच्या फोंडा महालातल्या गावी देवळाशेजारी एक वाचनालय होतं. दोन कपाटं, एक लांब बाक आणि मुंबई-पुण्याची दोनतीन मासिकं. कपाटांतली पुस्तकं वाचायला सुरुवात केली. कादंबऱ्या पहिल्या दोन महिन्यांतच संपल्या. मग जे हाताला लागेल ते. असंच एक दिवस बांधणी सुटलेलं, वाळवीने कडा खाल्लेलं 'निवेदन' हाती आलं. लेखक धर्मानंद कोसंबी. कोसंबी म्हणजे गणित आणि इतिहास ह्या दोन्हींत नाव काढलेले दामोदर कोसंबी एवढंच मला अर्धवट ऐकून ठाऊक होतं. हे त्यांचे वडील, हे पहिल्या चार पानांत कळलं. आणि पुढच्या पानांत कळलं की हा माणूस आपल्यासारखाच, गोव्यातल्या खेड्यात अडकून पडलेला मुलगा होता.

आजीची दृष्टी तेव्हा गेलेली होती. तिला रोज संध्याकाळी काहीतरी वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. एरवी 'पांडवप्रताप' नाहीतर 'हरिविजय' चाले. मी तिला 'निवेदन' वाचून दाखवायला लागलो.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, सांकवाळ गावचा. हे गाव तसं घर सोडणाऱ्यांचंच म्हणायला हवं. सोळाव्या शतकात तिथले देवसुद्धा गाव सोडून गेले. लक्ष्मीनृसिंह वेलिंगला आला, विजयादुर्गा केरीला आली. फोंड्याच्या बाजूला आज आपण ज्यांना आपले देव म्हणतो, ते असे वाट चुकवून आलेले पाहुणे आहेत. धर्मानंदांच्या काळी पोर्तुगीज राज्यात हिंदू मुलाच्या शिक्षणाची तऱ्हा अशी होती, की सरकारी शिक्षण पोर्तुगीजमध्ये आणि मराठी शिक्षण गावात एखादा पंतोजी टिकला तर टिकला. धर्मानंद लहानपणी अशक्त, आजारी. शाळा धड झालीच नाही. घरची माडांची बागायत होती, तिच्यावर लक्ष ठेवायचं काम अंगावर पडलं. लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयातच झालं. इंग्रजी येत नव्हतं, संस्कृत येत नव्हतं. पण मराठी वाचता येत होतं, आणि मुंबई-पुण्याहून येणारी पुस्तकं मिळतील तशी वाचायची आवड होती.

'बालबोधमेवा' नावाचं लहान मुलांचं एक मासिक तेव्हा निघत असे. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी चालवलेलं. त्याच्या एका अंकात बुद्धाचं छोटंसं चरित्र आलं होतं. ते धर्मानंदांच्या वाचनात आलं आणि सगळं बिनसलं... किंवा सगळं जुळलं, काय म्हणायचं ते म्हणा. पोर्तुगीज गोव्यातला एक सारस्वत तरुण मिशनऱ्यांच्या बालमासिकात बुद्धाची गोष्ट वाचतो आणि त्यातून पुढे मराठीत बौद्ध वाङ्मयाचा पाया घातला जातो! ही योजना कुणी आखून केली असती तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा, हा ध्यास त्यांना लागला. पण घ्यायचा कुठून? ही अडचण आज आपल्या लक्षात येत नाही. बौद्ध धर्म त्याच्या जन्मभूमीतून जवळजवळ नाहीसा झालेला. मूळ ग्रंथ पाली भाषेत, आणि ते जपले गेले ते सिलोन, ब्रह्मदेश आणि सयाम ह्या देशांत, त्या त्या देशाच्या लिपीत. लंडनला १८८१ साली पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन झाली होती, पण तिची पुस्तकं रोमन लिपीत आणि प्रस्तावना इंग्रजीत. देवनागरी वाचणाऱ्या सांकवाळच्या तरुणाला ह्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. म्हणजे ज्याला बुद्ध हवा त्याने आधी संस्कृत शिकावं, मग पाली, आणि त्यासाठी घर सोडावं, हाच एक रस्ता.

वडील वारले. १८९९ साली मुलगी झाली, तिचं नाव माणिक. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बायको बाळाबाई आणि तान्ही माणिक ह्यांना मागे ठेवून तेवीस वर्षांचे धर्मानंद गोव्याबाहेर पडले.

मी वाचत होतो. आजी मान हलवत ऐकत होती. इथे तिने मला थांबवलं आणि म्हणाली, "आनी ते बायलेचें कितें जालें रे?"

मी म्हटलं, आजी, ते पुढे येईल. आणि वाचत राहिलो.

पुढे आलं ते पुणं. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. संस्कृतचा श्रीगणेशा झाला. पण नीट शिकायचं तर काशी गाठायला हवी, म्हणून इंदूर, ग्वाल्हेर करत ते काशीला पोचले. काशीत अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्रीबोवांकडे संस्कृत शिकायचं, असं ते दिवस. ज्या वयात बाकीचे शिक्षण संपवून नोकरीला लागतात, त्या वयात हा माणूस लहान मुलांबरोबर व्याकरण घोकत बसला होता. मला तेव्हा हे वाचून फार धीर आला. माझं तर एकच वर्ष गेलं होतं!

काशीहून ते १९०२ साली नेपाळला गेले. नेपाळात बौद्ध धर्म जिवंत आहे असं ऐकलं होतं. तिथे जाऊन पाहतात तर पशुबळी आणि कर्मकांड. घोर निराशा. तिथून बुद्धगया. बुद्धगयेला एका भिक्षूने सांगितलं, खरं शिकायचं असेल तर सिलोनला जा. खिशात पैसा नाही. कलकत्त्याला जाऊन महाबोधि सभेच्या मदतीने त्यांनी सिलोन गाठलं. कोलंबोत सुमंगलाचार्यांनी १८७३ साली स्थापन केलेला विद्योदय परिवेण होता. तिथे ते पाली शिकू लागले, श्रामणेर झाले. तिथलं अन्न मानवेना, हवा मानवेना. मग मद्रास, मग ब्रह्मदेश. पुन्हा भारतात येऊन सारनाथ, कुशिनगर अशी पायपीट. पुन्हा ब्रह्मदेश. १९०६ च्या सुरुवातीला ते कलकत्त्याला परतले तेव्हा घर सोडून सहा वर्षं उलटली होती.

हे सगळं वाचताना एक गोष्ट जाणवते. ह्या प्रवासातला एकही टप्पा ठरवल्यासारखा झालेला नाही. नेपाळात काही सापडलं नाही म्हणून बुद्धगया, बुद्धगयेत सोय नव्हती म्हणून सिलोन, सिलोन मानवलं नाही म्हणून ब्रह्मदेश. त्या त्या वेळी प्रत्येक ठिकाणी अपयशच पदरात पडलं. पण काशीने संस्कृत दिलं, सिलोनने पाली आणि सिंहली लिपी दिली, ब्रह्मदेशाने बर्मी लिपी दिली. आणि हे तिन्ही एकाच माणसाजवळ असणं किती दुर्मीळ होतं, ते त्यांना स्वतःलाही पुढे अमेरिकेत गेल्यावर कळलं असेल.

तिथला योगायोग तर विलक्षणच आहे. अमेरिकेत केंब्रिज ह्या गावी हेन्री क्लार्क वॉरन नावाचा एक अपंग, धनवान विद्वान पालीचा अभ्यास करत असे. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' ह्या प्रचंड ग्रंथाची संशोधित आवृत्ती त्याने करायला घेतली होती. ती अर्धवट ठेवून तो वारला. कधी? १८९९ च्या जानेवारीत. ज्या वर्षी हार्वर्डमधलं ते काम पोरकं झालं, त्याच वर्षी सांकवाळचा हा अर्धशिक्षित तरुण घराबाहेर पडला. दोघांना एकमेकांचं नावही माहीत नव्हतं. पुढे हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले असताना त्यांची धर्मानंदांशी ओळख झाली, आणि १९१० साली वॉरनचं काम पुरं करण्यासाठी धर्मानंद हार्वर्डला गेले. सिंहली आणि बर्मी हस्तलिखितं ताडून पाहायला असा माणूस त्यांना दुसरा कुठे मिळणार होता?

पण इथेही गोष्ट गोड होत नाही. श्रेय कुणाला किती द्यायचं ह्यावरून प्राध्यापक लॅनमन ह्यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ साली धर्मानंद काम टाकून परत आले. पुढे त्याच कामासाठी ते पुन्हा गेले. पुस्तक हार्वर्डने छापलं ते १९५० साली. धर्मानंद १९४७ मध्येच गेले होते. त्यांच्या हयातीत त्यांची देवनागरी आवृत्ती तेवढी मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने १९४० साली काढली.

हार्वर्डच्या आधीची एक गोष्ट सांगायची राहिली. कलकत्त्यात त्यांना पाली शिकवण्याची नोकरी मिळाली होती, तिथे नाव होऊ लागलं होतं. तेवढ्यात बडोद्याचे सयाजीराव महाराज भेटले. महाराज म्हणाले, महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावी राहा, अभ्यास करा, मराठीत लिहा, दरमहा पन्नास रुपये देतो. कलकत्त्याचं बस्तान सोडून त्यांनी हे पन्नास रुपये पत्करले. कारण जे आपल्याला इतक्या हालांनी मिळालं, ते आपल्या भाषेतल्या माणसाला घरबसल्या मिळावं, अशी त्यांची इच्छा होती. बडोद्यात दिलेली त्यांची व्याख्यानं 'बुद्ध, धर्म आणि संघ' ह्या पुस्तकाच्या रूपाने १९१० साली आली. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात १९१२ ते १९१८ ते पाली शिकवत होते. ज्याने स्वतः कॉलेजचं तोंड विद्यार्थी म्हणून कधी पाहिलं नाही, तो कॉलेजात प्राध्यापक! त्यांच्या हाताखाली शिकलेले पु. वि. बापट पुढे जगन्मान्य पाली पंडित झाले.

तर आमचं वाचन इथवर आलं. मी भारावून गेलो होतो. पुस्तक मिटलं तेव्हा माझं ठरलं होतं. इंजिनियर व्हायचं नाही, इतिहास शिकायचा. दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळत असताना मी कला शाखेला नाव घातलं. वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आजी मात्र एवढंच म्हणाली, "तुवें सांगूंकच ना. ते बायलेचें कितें जालें?"

खरं सांगतो, मी उत्तर दिलंच नाही. मला तो प्रश्न म्हाताऱ्या माणसाचा वाटला. एवढा मोठा ज्ञानाचा शोध चाललाय आणि हिला बायकोचं पडलंय!

बी.ए. झालो आणि १९८६ साली एम.ए.साठी पुण्याला गेलो. त्याच वर्षी माझी धाकटी बहीण बारावी झाली होती. माझ्यापेक्षा हुशार. गणितात तर फारच. वडिलांचा पगार प्राथमिक शिक्षकाचा. दोघांचं शिक्षण एका वेळी झेपणार नव्हतं. ती मडगावच्या एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहायला लागली. दर महिन्याला पुण्याला माझ्या नावे मनीऑर्डर यायची, ती वडिलांच्या नावाने. त्यातला निम्मा पैसा तिचा होता, हे मला ठाऊक होतं आणि नव्हतंही. माणूस आपल्याला नको ते किती सहज विसरतो!

पुढे मी मास्तर झालो, इतिहास शिकवू लागलो. वर्गात धर्मानंदांची गोष्ट दरवर्षी सांगायचो. नापास झालेल्या, वर्ष वाया गेलेल्या मुलांना तर खास बोलावून सांगायचो. आयुष्य कुठे वळण घेईल सांगता येत नाही, धीर सोडू नका, असं म्हणायचो. ते काही खोटं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी बहिणीच्या मुलीचं पदवीचं शिक्षण पुरं झालं, त्या दिवशी तिच्या घरी जेवायला होतो. जेवणानंतर मी नेहमीप्रमाणे माझी वाया गेलेल्या वर्षाची आणि 'निवेदना'ची कथा भाचीला सांगत होतो. बहीण भांडी आवरत होती. ती शांतपणे म्हणाली, "दादा, तुजें वर्स वायट गेलें, तें तूं आयजून सांगता. तूं पुण्याक गेलो म्हणून हांव दुकानार गेलें. म्हाका कोणेंच विचारूंक ना." आवाजात राग नव्हता. सुपारी कातरताना सहज बोलावं तसं ती बोलली. पण मला पुढे काही बोलता आलं नाही.

त्या रात्री घरी येऊन मी आजीच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो. तीस-पस्तीस वर्षं उशिरा.

बाळाबाईंबद्दल 'निवेदना'त फार नाही. माणसाचं आत्मचरित्र ते त्याच्या वाटेचं असतं, मागे राहिलेल्यांच्या वाटेचं नसतं. धर्मानंदांची नात डॉ. मीरा कोसंबी ह्यांनी 'निवेदन' इंग्रजीत नेलं आणि आजोबांच्या निवडक लेखनाचा मोठा ग्रंथ २०१० साली संपादित केला. त्या स्वतः स्त्रियांच्या इतिहासाच्या अभ्यासक होत्या, २०१५ साली गेल्या. त्यांच्यामुळे ह्या घराची दुसरी बाजू आपल्याला थोडी दिसते. हाती लागतं ते असं: जवळजवळ सात वर्षं बाळाबाई लहान मुलीला घेऊन गोव्यात राहिल्या. नवरा जिवंत आहे, पण तो कुठल्या तरी परमुलखात भिक्षू झाला आहे. त्या काळच्या गोव्यातल्या सारस्वत घरात अशा बाईचं स्थान काय असेल, हे वेगळं सांगायला नको. ना सवाष्ण म्हणून सुख, ना विधवा म्हणून सुटका.

१९०६ साली चीवर सोडून धर्मानंद गोव्यात परतले. बाळाबाईंशी संसार पुन्हा सुरू झाला. ३१ जुलै १९०७ रोजी मुलगा झाला, तेच दामोदर. पुढे आणखी दोन मुली, मनोरमा आणि कमला. पण वाट पाहणं संपलं नाही. १९१० ते १९१२ नवरा अमेरिकेत. १९१८ साली तो पुन्हा गेला, ह्या वेळी माणिक आणि दामोदर ह्यांना बरोबर घेऊन. बाळाबाई धाकट्या दोघींना घेऊन पुण्यात. म्हणजे आधी नवरा गेला, मग नवऱ्याबरोबर मुलंही गेली.

आता ह्याच गोष्टीचं आणखी एक वळण पाहा. ज्या माणिकला तान्हेपणी मागे टाकून वडील निघून गेले होते, ती अमेरिकेत रॅडक्लिफ कॉलेजात शिकली आणि पदवीधर झाली. त्या काळी गोव्यातल्या किती हिंदू मुली नुसती शाळा शिकत होत्या, ह्याचा विचार केला की ह्याचं महत्त्व कळतं. दामोदर तर हार्वर्डमधून १९२९ साली पदवीधर झाले. गणितज्ञ बर्कहॉफ ह्यांनी त्यांना सल्ला दिला होता की फक्त गणितावर लक्ष दे. त्यांनी ऐकलं नाही, भाषा, इतिहास, जे आवडेल ते शिकत राहिले. पुढे संशोधनासाठी पैसा मिळेना म्हणून हिंदुस्थानात परतले. संख्याशास्त्र वापरून जुन्या नाण्यांची वजनं मोजता मोजता हा गणिती इतिहासात शिरला आणि १९५६ च्या त्याच्या ग्रंथाने भारताचा इतिहास लिहिण्याची रीतच बदलली. बापाला मासिकातल्या चरित्राने वळवलं, मुलाला नाण्याच्या वजनाने.

म्हणजे बाळाबाईंनी जे भोगलं त्याचं चीज झालं, असं म्हणून मोकळं व्हायचं का? मला ते जमत नाही. मुलांनी नाव काढलं म्हणून आईची सात वर्षं परत येत नाहीत. आणि ती सात वर्षं नसती तरी चाललं असतं असंही म्हणता येत नाही, कारण मग आपल्याला धर्मानंद मिळाले नसते.

एक गोष्ट मात्र मला हल्ली पुन्हापुन्हा दिसते. 'भगवान बुद्ध' हा धर्मानंदांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ १९४०-४१ सालचा, दोन भागांतला. त्यात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची चर्चा आहे. आपण लहानपणापासून ऐकलेली कथा अशी: म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्राला वैराग्य आलं आणि मध्यरात्री, झोपलेल्या बायकोला आणि बाळाला न उठवता तो निघून गेला. धर्मानंदांनी जुने पाली आधार काढून ही कथा बाजूला सारली. मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसन सुत्तात गोतम घर सोडतो तो आईबाप रडत असताना, त्यांच्या देखत. चोरून नव्हे. आणि कारण म्हणून त्यांनी शाक्य आणि कोलिय ह्यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणाकडे बोट दाखवलं. 'बोधिसत्त्व' ह्या त्यांच्या नाटकात हेच मांडलं आहे. डॉ. आंबेडकरांनीही पुढे आपल्या बुद्धचरित्रात गृहत्यागाचं कारण असंच पाण्याच्या तंट्यात दाखवलं.

पंडित म्हणून धर्मानंदांचा मुद्दा आधारांवर उभा आहे, त्यात शंका नाही. पण तेवीस वर्षांचा असताना तान्ही मुलगी मागे ठेवून निघालेला माणूस साठी ओलांडल्यावर जेव्हा लिहितो की बुद्ध रात्री चोरून पळाला नाही, घरच्यांच्या अश्रूंसमोर उभा राहून गेला, तेव्हा त्याच्या मनात सांकवाळ आलं नसेल का? हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. वर्गात मी हा तर्क सांगत नाही. इथे सांगतो आहे.

धर्मानंदांनी पुढेही घरं पुष्कळ सोडली. लेनिनग्राडला जाऊन आले, मिठाच्या सत्याग्रहात उतरले, परळच्या कामगारवस्तीत १९३७ साली बिर्लांच्या मदतीने 'बहुजन विहार' उभारला आणि तोही सोडून गेले. शेवटी आपलं शरीर आता कुणाच्या उपयोगाचं नाही असं ठरवून अन्न सोडलं आणि जून १९४७ मध्ये सेवाग्रामला देह ठेवला. गांधीजींनी प्रार्थनासभेत त्यांची आठवण काढली.

गोमंतकीयांना हे घर सोडणं नवं नाही. कांदोळीचा पंधरा वर्षांचा जुझे कुश्तोदिओ फारिया १७७१ साली बापाबरोबर निघाला तो पाद्री व्हायला, आणि पॅरिसात संमोहनविद्येचा आद्य संशोधक म्हणून प्रसिद्धी पावला. असोळण्याचे ज्युलियांव मिनेझिस बर्लिनला डॉक्टर व्हायला गेले, तिथे त्यांना राममनोहर लोहिया नावाचा मित्र मिळाला, आणि त्या विद्यार्थिदशेतल्या मैत्रीतून १८ जून १९४६ ची मडगावची सभा घडली. एका वसतिगृहात, एका वाचनालयात, एका मासिकाच्या पानावर काय दडलेलं असतं, कुणाला ठाऊक! ह्या सगळ्यांच्या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हव्यात. फक्त प्रत्येक गोष्टीत एक मागे राहिलेलं घर असतं, त्याचा पत्ता आपण लिहून ठेवत नाही.

तर सांकवाळ. गाडी सुटली आणि मी खिडकीतून पाहत राहिलो. ज्या गावात एका मुलाला धड मराठी शाळा मिळाली नाही, त्याच सांकवाळ पंचायतीच्या हद्दीत, झुआरीनगरच्या पठारावर, २००४ पासून बिर्लांच्याच नावाचं एक मोठं अभियांत्रिकी शिक्षणाचं केंद्र उभं आहे. देशभरातून हजारो मुलं तिथे शिकायला येतात. त्यांतल्या कितीजणांना धर्मानंद माहीत असतील? पणजीच्या कला अकादमीत २००८ साली सरकारने दामोदर कोसंबींच्या नावाने विचारमहोत्सव सुरू केला, त्याला मीही अनेकदा गेलो आहे. वडिलांचं नाव त्यामानाने मागे राहिलं. आणि बाळाबाईंचं तर कुठेच नाही.

त्याच डब्यात पलीकडे एक मुलगा बसला होता. पाठीला पिशवी, हातात फोन, चेहरा पडलेला. बोलता बोलता कळलं, दोन विषय राहिले आहेत, शिक्षण सोडून द्यावं असं वाटतं, घरी अजून सांगितलेलं नाही. मास्तरकीची जुनी खोड जाते कुठे? दाबोळी येईपर्यंत मी त्याला धर्मानंदांची गोष्ट सांगितली. काशी, नेपाळ, सिलोन, हार्वर्ड, सगळं. त्याचा चेहरा थोडा उजळला. मग मी त्याला विचारलं, घरी कोण कोण आहे? म्हणाला, आई आहे आणि एक बहीण, ती कॉल सेंटरमध्ये नोकरी करते.

मी म्हटलं, तुला हवं ते शिक, नको ते सोड. पण जे काय ठरवशील ते आधी बहिणीला सांग. तिला काय वाटतं ते विचार.

तो माझ्याकडे नवलाने पाहत राहिला. एवढ्या मोठ्या गोष्टीचा शेवट ह्या आजोबांनी असा का केला, ते त्याला कळलं नसावं. वास्को आलं आणि तो उतरून गर्दीत गेला.

मी फलाटावरूनच बहिणीला फोन लावला. म्हटलं, संध्याकाळी येतो. ती म्हणाली, "किद्याक रे? कितें जालें?" म्हटलं, कांयच ना. सहज.